स्मरणाचा उतार एका बैठकीत मोजता येत नाही

हैदराबादच्या कुकटपल्लीत वयस्कर माणसांच्या स्मरणाच्या आणि विचारशक्तीच्या चाचण्या घेणं हे माझं काम. बीएचईएल, आयडीपीएलसारख्या कारखान्यांतून निवृत्त होऊन इथेच स्थिरावलेली तेलुगू मंडळी येतात. निजामाच्या काळापासून हैदराबादेत असलेल्या मराठी घरांतले आजी-आजोबा येतात. नांदेड, लातूर, सोलापूर, पुणे सोडून हायटेक सिटीत नोकरी करणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला आलेले आई-वडीलही येतात. भाषा निरनिराळ्या, पण चाचणी संपल्यावर घरच्यांचा प्रश्न एकच असतो : किती गुण पडले? त्यामागची काळजी खरी असते, पण प्रश्न अपुरा असतो. माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातलं एमसीआय, ही अशी अवस्था आहे की तिच्यात एका दिवसाच्या गुणांना स्वतःचा असा फारसा अर्थ नसतो. हा माणूस आधी कुठे होता, आज कुठे आहे आणि वर्षभराने कुठे असेल, या तीन प्रश्नांतून तो अर्थ लागतो. पहिली चाचणी ही सुरुवातीची नोंद असते, तिला निकाल समजू नये, एवढंच मला या लेखात मांडायचं आहे. ते पुराव्यानिशी मांडायला हवं, कारण त्यावर घेतले जाणारे आक्षेप वजनदार आहेत.

एमसीआयची आज रूढ असलेली व्याख्या अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे रोनाल्ड पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली मांडली. विसर पडत असल्याची तक्रार आहे, वय आणि शिक्षण यांच्या मानाने चाचणीत स्मरण कमी दिसतं, पण रोजचे व्यवहार माणूस स्वतः करू शकतो आणि त्याला डिमेन्शिया झालेला नाही, असा हा मधला टप्पा. पीटरसन यांच्या रुग्णांपैकी दरवर्षी सुमारे 12 टक्के लोक डिमेन्शियाकडे गेले. त्याच वयाच्या निरोगी माणसांत हे प्रमाण एक-दोन टक्केच होतं. हा आकडा इतका गाजला की एमसीआय म्हणजे डिमेन्शियाचा उंबरठा अशी समजूत पक्की झाली. पण तो दवाखान्यापर्यंत आलेल्या माणसांचा आकडा होता. 2009 साली 41 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा तज्ज्ञांच्या दवाखान्यांत हा वेग वर्षाला 10 टक्क्यांच्या आसपास आणि सर्वसाधारण वस्तीत त्याच्या निम्म्यावर दिसला. बहुसंख्य लोक दहा वर्षांनंतरही डिमेन्शियापर्यंत पोचले नव्हते. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने 2018 साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत तर वेगवेगळ्या अभ्यासांमध्ये एमसीआयमधून पुन्हा सामान्य पातळीवर आलेल्यांचं प्रमाण 14 टक्क्यांपासून 55 टक्क्यांपर्यंत नोंदलं आहे. अशा परतलेल्या माणसांनाही पुढे घसरण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त राहतो, हेही त्याच सूचना सांगतात. म्हणजे एमसीआय असलेल्यांतले काही खाली जातात, काही तिथेच थांबतात, काही वर येतात आणि वर आलेल्यांतले काही पुन्हा घसरतात. पहिल्या दिवशी हे सगळे एकाच आकड्यावर उभे असू शकतात.

घसरण होते तेव्हा सगळ्या क्षमता एकदम आणि सारख्या घसरत नाहीत. अल्झायमरच्या वाटेवरच्या एमसीआयमध्ये साधारणपणे आधी मार खाते ती नवी गोष्ट साठवून ठेवण्याची क्षमता. पाच शब्द सांगितले, दोनदा म्हणवून घेतले, मधे दुसरी कामं दिली आणि पाच मिनिटांनी विचारले, तर किती आठवतात यापेक्षा मला पुढची पायरी महत्त्वाची वाटते. शब्द आठवला नाही की आधी त्याचा वर्ग सुचवायचा, तरीही नाही आला तर तीन शब्दांतून निवडायला सांगायचं. सूचना मिळताच शब्द बाहेर आला, तर तो साठवला गेला होता, फक्त शोधता येत नव्हता. नैराश्यात, अपुऱ्या झोपेत किंवा मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारात असं चित्र अनेकदा दिसतं. सूचना देऊनही काहीच हाती लागलं नाही, तर शब्द मुळात साठवलाच गेला नसावा अशी शंका बळावते. गुणपत्रिकेत मात्र दोघांनाही शून्यच मिळतं, कारण मोका या चाचणीत सूचनेने आठवलेल्या शब्दाला गुण नसतो. घड्याळाच्या चित्राचंही तसंच आहे. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हटलं की मिनिटकाटा दोनच्या आकड्यावर न्यावा लागतो, पण ऐकलेला 'दहा' हा शब्द हाताला दहाच्या आकड्याकडे ओढत असतो. ती ओढ आवरणं हे नियोजनाचं आणि स्वतःवर ताबा ठेवण्याचं काम आहे. कुणी काटा दहाकडे नेतो, क्षणभर थांबतो, खोडतो आणि दोनवर आणतो. कुणी दहावरच ठेवतो आणि समाधानाने पेन्सिल खाली ठेवतो. खोडून दुरुस्त करणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. पण पुढच्या वर्षी त्याच माणसाने दुरुस्ती केली नाही, तर त्या एका गुणात बरंच काही सांगितलेलं असतं. हे कळायला दोन चित्रं शेजारी ठेवावी लागतात.

शिक्षणाने हा हिशेब आणखी अवघड होतो. कोलंबिया विद्यापीठातले याकोव्ह स्टर्न यांनी मांडलेली बौद्धिक राखीव क्षमतेची कल्पना आता सर्वमान्य झाली आहे. शिक्षण, डोक्याला ताण देणारं काम आणि भरगच्च आयुष्य यांमुळे मेंदूत बिघाड सुरू झाला तरी माणूस बरीच वर्षं सावरून राहतो. तो बिघाड बाहेर दिसायला लागतो तेव्हा आत बराच पुढे गेलेला असतो, आणि म्हणून अशा माणसाची नंतरची घसरण अनेकदा जास्त वेगाने होते. निवृत्त अभियंत्याला तीसपैकी सत्तावीस गुण पडले की घरचे सुटकेचा श्वास टाकतात, पण दोन वर्षांपूर्वी त्याला पैकीच्या पैकी मिळत असतील तर ते सत्तावीस काळजीचे असू शकतात. उलट चौथीपर्यंत शिकलेल्या बाईंना वीस पडले, तर कदाचित तरुणपणीही तेवढेच पडले असते. मोकाची मूळ सीमा 26 गुणांची, आणि बारा वर्षं किंवा त्याहून कमी शालेय शिक्षण असलेल्याला एक गुण जास्त द्यायचा असा नियम. आयुष्यात पेन्सिल क्वचितच धरलेल्या हाताला घनाकृती काढायला लावायची आणि भरपाई म्हणून एक गुण द्यायचा, हा न्याय आपल्याकडे पुरा पडत नाही. सीमा सगळ्यांसाठी एकच ठेवली की शिकलेला रुग्ण निसटतो आणि न शिकलेला निरोगी माणूस अडकतो. स्वतःच्याच आधीच्या कामगिरीशी तुलना केली तर या दोन्ही चुका कमी होतात.

हैदराबादेत भाषेची आणखी एक गाठ आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने बोधनक्षमतेच्या चाचण्यांचा एक भारतीय संच तयार केला. हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत तो पारखून 2020 साली प्रसिद्ध झाला. त्या पहिल्या पाचांत मराठी नव्हती. तेव्हा तेलंगणात राहणाऱ्या मराठी आजोबांची चाचणी कोणत्या भाषेत घ्यायची, हा कागदी प्रश्न राहत नाही. निजामी राजवटीत शाळेत उर्दू शिकलेल्या पिढीतल्या माणसाला शंभरातून सात-सात वजा करायला मराठीत सांगितलं, तरी त्याची आकडेमोड मनात उर्दूत चाललेली असू शकते. एका मिनिटात जितके प्राणी आठवतील तितके सांगा म्हटलं की सुरुवात घरातल्या भाषेने होते, आणि तीस-चाळीस वर्षं तेलुगू शेजारात काढलेल्या माणसाच्या तोंडी मधेच कुक्क, पिल्लि, आवु येतात. कुत्रा आणि कुक्क हे दोन प्राणी नाहीत, म्हणून गुण एकच. पण भाषा बदलली म्हणून माणूस गोंधळला असं लिहिणं चुकीचं. पाहायचं असतं ते हे, की घरातले प्राणी संपल्यावर तो रानाकडे, मग पाण्याकडे वळतो का, की गाय-म्हैस-बकरीपाशीच अडकून शेवटची तीस सेकंदं गप्प राहतो. आणि दर वेळी चाचणी त्याच भाषेत व्हायला हवी. या वर्षी मराठीत आणि पुढच्या वर्षी तेलुगूत घेतलेल्या चाचण्यांमधल्या फरकावरून स्मरणाबद्दल काहीच ठरवता येत नाही.

याच शहराने जगाला या विषयातला एक गाजलेला आकडा दिला आहे. कुकटपल्लीहून मेट्रोच्या त्याच लाल मार्गावर असलेल्या पंजागुट्ट्याच्या निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये, म्हणजे निम्समध्ये, सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडिनबरा विद्यापीठाच्या थॉमस बाक यांच्यासोबत 648 डिमेन्शिया रुग्णांचा अभ्यास केला. 2013 साली तो प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 391 जण एकाहून अधिक भाषा बोलणारे होते आणि त्यांना डिमेन्शियाची सुरुवात एकभाषिकांपेक्षा साधारण साडेचार वर्षं उशिरा झाली होती. न शिकलेल्या माणसांतही हा फरक दिसला, म्हणजे तो केवळ शिक्षणाचा परिणाम नव्हता. दोनपेक्षा जास्त भाषा येणाऱ्यांना मात्र आणखी जास्त फायदा दिसला नाही. परदेशांतल्या अशा अभ्यासांवर नेहमीचा आक्षेप असे की तिथले द्विभाषिक हे स्थलांतरित असतात आणि स्थलांतर करणारा माणूस मुळातच धडधाकट असतो. हैदराबादेत दोन-तीन भाषा गल्लीतच मिळतात, त्यामुळे तो आक्षेप इथे बराच गळून पडला. पुढे 2017 साली निम्समधल्याच 115 एमसीआय रुग्णांच्या अभ्यासातही द्विभाषिकांची सुरुवात सुमारे सात वर्षं उशिरा झाल्याचं आढळलं. पण त्याच 2017 साली लंडनमधल्या संशोधकांनी जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा एक अडचणीची गोष्ट पुढे आली. आजारी पडून दवाखान्यात आलेल्यांना मागे वळून विचारलेल्या अभ्यासांत भाषांचा फायदा दिसतो, पण निरोगी माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांत तो जवळजवळ नाहीसा होतो. यामुळे हैदराबादचं काम खोटं ठरत नाही. त्यातल्या रुग्णांना सुरुवात केव्हा झाली, हे इथल्या संशोधकांनी चोख नोंदवलं आहे. पण लोकांना एकदा गाठून घेतलेली माहिती आणि काळाच्या ओघात त्यांच्यासोबत चालून घेतलेली माहिती यांची उत्तरं वेगळी येऊ शकतात, हे त्यातून दिसतं. मोठमोठ्या अभ्यासांना जो धडा लागू, तो एका माणसाच्या चाचणीला लागू नसेल असं मानायला कारण नाही.

व्याख्येतला 'रोजचे व्यवहार स्वतः करतो' हा भाग तर आपल्या घरांत तपासायला सगळ्यात कठीण. बँकेचं काम मुलगा मोबाइलवर उरकतो, गोळ्यांचा डबा सून भरते, भाजी दारात येते. जो व्यवहार माणसाच्या वाट्याला येतच नाही, तो त्याला जमतो की नाही हे कळणार कसं? याच्या नेमकं उलटही घडतं. नांदेडच्या गल्लीत पाय आपोआप देवळाकडे वळत. केपीएचबी कॉलनीत पत्ते फेज, एलआयजी, एमआयजी आणि प्लॉट नंबरांवर चालतात, आणि नव्या टॉवरमध्ये तर प्रत्येक मजल्यावर सारखाच दरवाजा. इथे आल्यावर वडील चुकायला लागले, असं मुलं सांगतात. ते खरंही असतं, पण आजार इथे आल्यावर सुरू झाला असा त्याचा अर्थ होत नाही. ओळखीच्या वाटा, दुकानदार, शेजारी हे आधार निघून गेल्यावर आधीपासूनची उणीव उघडी पडते. कधी तर उणीवच नसते, फक्त नवखेपणा असतो. म्हणून जवळच्या माणसाची साक्ष लागते, आणि तीही तुलनेची. ऑस्ट्रेलियातल्या अँथनी जॉर्म यांनी 1989 साली मांडलेल्या प्रश्नावलीत नातेवाइकाला विचारलं जातं की दहा वर्षांपूर्वीच्या मानाने आता हे काम कसं जमतं. पहिल्याच भेटीत मागचा उतार थोडाफार दिसावा, यासाठी माझ्या माहितीतलं हे सगळ्यात स्वस्त साधन आहे. अट एकच : उत्तर देणाऱ्याने त्या माणसाला दहा वर्षं जवळून पाहिलेलं असावं. गावी राहिलेल्या बहिणीला फोन लावणं हे पुष्कळदा एकाच छताखाली राहणाऱ्या जावयाला विचारण्यापेक्षा उपयोगी पडतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो वेळेचा. दुसऱ्या चाचणीसाठी सहा महिने किंवा वर्ष थांबायचं, म्हणजे तेवढा काळ हातचा घालवायचा का? माझं म्हणणं उलट आहे. निकाल राखून ठेवायचा, काम नाही. बी-12ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेत श्वास अडकणं, झोपेच्या आणि काही ॲलर्जीच्या गोळ्या, कमी झालेलं ऐकू येणं, यांतलं प्रत्येक कारण गुण खाली ओढतं आणि प्रत्येकावर पहिल्याच दिवसापासून काहीतरी करता येतं. रक्तदाबाचं उदाहरण घ्या. अमेरिकेत नऊ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या स्प्रिंट माइंड या अभ्यासाचे निष्कर्ष 2019 साली आले. वरचा रक्तदाब 140 ऐवजी 120च्या खाली ठेवायचं उद्दिष्ट धरलेल्या गटात एमसीआय होण्याचं प्रमाण 19 टक्क्यांनी कमी होतं, जरी डिमेन्शियातली घट निर्विवादपणे सिद्ध झाली नाही. लॅन्सेट आयोगाच्या 2024 सालच्या अहवालाने जगातल्या सुमारे 45 टक्के डिमेन्शियाचा संबंध टाळता किंवा कमी करता येण्याजोग्या चौदा कारणांशी जोडला आहे, आणि त्यांत ऐकू न येणं, नीट न दिसणं, मधुमेह, एकटेपणा हे सगळं आहे. ही कारणं दुरुस्त केल्यावर पुन्हा घेतलेली चाचणी हाच त्या दुरुस्तीचा हिशेब असतो. पहिल्याच आकड्यावर शिक्का मारून टाकला की ही दुरुस्ती मागे पडण्याची भीती जास्त.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे आणि तो जाणकार मंडळी घेतात. तीच चाचणी पुन्हा दिली की माणूस ती शिकतो, गुण वाढतात, आणि खरी घसरण झाकली जाते. हे खरं आहे. म्हणूनच शब्दांच्या निराळ्या याद्या असलेली पर्यायी रूपं वापरायची असतात आणि दोन चाचण्यांत पुरेसं अंतर ठेवायचं असतं. पण या सवयीचा दुसरा पैलू जास्त महत्त्वाचा आहे. निरोगी मेंदू दुसऱ्या वेळी थोडा सुधारतोच. ज्याच्यात ही अपेक्षित सुधारणा होतच नाही, त्याचे गुण वरकरणी स्थिर दिसले तरी ते स्थिर समजू नयेत. शिकण्याची क्षमता कमी झाल्याची ती खूण असू शकते. तसंच एक-दोन गुणांचा फरक हा बहुधा त्या दिवसाचा असतो : रात्रीची झोप, साखर, घाबरणं, बाहेरचा आवाज. एका दिवसाच्या पावसावरून हंगाम ठरवत नाहीत, तसं दोनच नोंदींवरूनही घाई नको. तिसऱ्या नोंदीनंतर दिशा बरीच स्पष्ट होते.

तिसरा आक्षेप सगळ्यात माणुसकीचा. बरं करणारं औषध नाही, मग म्हाताऱ्या माणसाला दरवर्षी परीक्षेला बसवून त्याची उणीव त्याला दाखवायची कशाला? 2023 साली अमेरिकेत मंजूर झालेल्या लेकॅनेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाने अठरा महिन्यांत घसरणीचा वेग साधारण 27 टक्क्यांनी कमी केला. गेलेलं त्याने परत आणलं नाही, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका त्याला आहे, आणि ते फक्त सुरुवातीच्या टप्प्यातल्या, मेंदूत अमायलॉइड असल्याची खात्री झालेल्या रुग्णांसाठीच आहे. तेव्हा औषधाच्या आशेवर चाचण्या घ्या, असं मी म्हणणार नाही. कारण निराळं आहे. मृत्युपत्र, पेन्शनचे कागद, बँकेत दुसऱ्याचं नाव लावणं, गाडी चालवणं कधी थांबवायचं, गावचं घर विकायचं का, हे निर्णय त्या माणसाने स्वतः, समजून-उमजून घ्यायचे असतील तर उतार किती वेगाने आहे हे माहीत असायला हवं. उतार मंद असेल तर घाईने त्याच्या हातातून व्यवहार काढून घेणं हा अन्याय आहे, आणि वेगाने असेल तर 'वयच झालं' म्हणत बसणं हाही अन्यायच. एकट्या आकड्यावर दिलेलं निदान या दोन्ही अन्यायांना वाट करून देतं. चाचणीची भीती वाटणाऱ्याला मी ती परीक्षा आहे असं सांगतच नाही. तुमची तुमच्याशीच तुलना करायची आहे, एवढं सांगितलं की बहुतेकांचा ताण उतरतो.

तेव्हा तुमच्या घरात कुणाला एमसीआय सांगितलं असेल, तर चारच गोष्टी कराव्यात. चाचणीचा पूर्ण कागद, चित्रांसकट, मागून घ्यावा आणि त्यावर चाचणीची भाषा, चालू असलेली औषधं आणि शिक्षण लिहून घ्यावं. रक्ततपासणी, कान, डोळे, झोप, मन:स्थिती आणि रक्तदाब यांची तपासणी त्याच महिन्यात उरकावी. गाव बदललं, ऑपरेशन झालं, घरात मृत्यू झाला, तर त्याची तारीख टिपून ठेवावी. आणि दवाखान्यातून निघताना गुण किती हे विचारण्याऐवजी पुढची चाचणी केव्हा, हे विचारून तारीख पक्की करून घ्यावी.